आगीवरचा निबंध

माझं नाव पुकारलं. मी निबंधाचे कागद घेऊन व्यासपीठावर गेलो, तर विभागप्रमुख सरांनी माझ्या हातात काडेपेटी दिली.

"समईजवळ थांब. पंख्याचा वारा लागतोय, हात आड धर. निबंध नंतर, वेळ उरला तर."

नव्वद सालानंतरची गोष्ट. जळगावच्या एका कॉलेजात पाली साहित्यावर चर्चासत्र होतं. पालीत एम.ए. झालेला आमच्या वस्तीतला मी पहिला. विहारात एका निवृत्त गुरुजींनी फी न घेता मला पाली शिकवली, म्हणून इथवर आलो. माझा विषय होता बुद्धवचनातली आग आणि उजेड.

मी हात आड धरले. समई लावायला संस्थेचे संचालक आले. चोपडा तालुक्यातले, आमच्याच गावचे नाना. मला बघून थांबले.

"अरे, हाऊ तं आपला बत्तीवालाना पोऱ्या! बापनामायक उजेड धरस हो!"

बापासारखाच उजेड धरतो, यावर पुढच्या रांगा हसल्या. सरही हसले.

माझा बाप वरातीत नवरदेवापुढं डोक्यावर गॅसबत्ती घेऊन चालायचा. बत्ती आमच्या वस्तीनंच धरायची, हा गावाचा रिवाज. नवरदेव घोड्यावरून उतरेपर्यंत बत्ती खाली ठेवायची नाही. चुंबळ घासून बापाच्या टाळूवर केस उरले नव्हते. लोकांना नवरदेवाचं तोंड दिसे. बापाचं कुणी बघत नसे.

मी काडेपेटी टेबलावर ठेवली.

"मी निबंध वाचायला आलोय. उजेड धरायला नाही."

हसणं थांबलं. सरांनी मला बाजूला ओढलं. "पुढच्या आठवड्यात तुझी मुलाखत. नाना कमिटीवर आहेत. जा, माफी माग. आणि बौद्ध ना तू? द्वेष ही आग, असं तूच लिहिलंयस. मग विझव की!"

खरंच लिहिलं होतं. लोभ, द्वेष, मोह. डोळा जळतो, कान जळतो, मन जळतं. माझं सगळंच जळत होतं. क्षणभर वाटलं, मागावी माफी. घरात पगार येईल.

नाही मागितली. निबंध वाचायचा राहिला. नोकरी दुसऱ्याला मिळाली.

घरी बापानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "नानाना घर लगीन शे पुढला महिनामा. मी काय सांगू त्यास्ले?"

"नही म्हनी दे, आबा."

"मंग कामले कोन बलाई?"

पुन्हा कामाला कुणी बोलावणार नाही, हे खरंच होतं. पण बुद्धानं आगीबद्दल आणखी एक सांगितलंय, ते सर विसरले. आग सरपणावर जगते. सरपण संपलं की विझते. गावाचा मोठेपणा आमच्या डोक्यांवर पेटतो. मी त्याच रात्री ठरवलं, ते सरपण आता मिळणार नाही. पुढच्या वरातीत आमच्या घरातलं डोकं नसेल. मग एकेक करून वस्तीतलं एकही नसेल. उपाशी राहावं लागलं तर राहू.

माझा राग मी त्यानंतर विझवीन.