नमस्कार करून मारलेला पट्टा

विजेच्या टॉवर लाइनचा तो सर्व्हेवाला आमच्या नरखेडकडच्या मोसंबीच्या बागेत कितीदा आला असेल! दर वेळी बूट बांधावर काढून ठेवायचा, आणि तोडायच्या झाडावर लाल पट्टा मारण्याआधी त्या झाडाला हात जोडायचा. बोलणं तर असं गोड मेल्याचं!

"लाइन वरूनच आखून येते, आजी. माह्या हातात काहीच नाही."

"मंग शेजारच्या फार्महाउसले वळसा कोणाच्या हातानं पडला गा?"

त्यावर तो ब्रश रंगात बुडवून पुढच्या झाडाकडे वळला. काल मी स्वतः कलम बांधलेल्या झाडापुढे तो हात जोडून उभा राहिला, तेव्हा माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "त्याले काहून नमस्कार करून राहिला? मले कर. मी बोलू तरी शकते."

हातातला लाल रंगाचा ब्रश न ठेवताच तो खरंच माझ्या पायाशी वाकला. मी पाय मागे घेतले.