खांबावरचा क्रूस

ओल्या चुन्याचा वास आला की मला चाकूरकडची एक जुनी मशीद आठवते. लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता, पाऊस नव्हता, आणि नव्या कार्यालयातला कारकून म्हणून मी गावोगावच्या पुरातन इमारतींची यादी करत फिरत होतो. माझी चार वर्षांची मुलगी महिन्यापूर्वीच जुलाब-उलट्यांनी गेली होती. मी रडलो नव्हतो. सुतक फिटताच कामावर हजर झालो. बाहेर रान करपलेलं होतं, पण मशिदीत दगडाचा गारवा होता. म्हातारे मुजावर एका खांबाला चुना लावत होते. त्या खांबावर छातीच्या उंचीला एक क्रूस कोरलेला होता, आणि तेवढी जागा सोडून त्यांचा कुंचला फिरत होता. मी विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "निजामाच्या टायमाला असाच दुष्काळ पडला व्हता साहेब. तवा पाद्री लोकं इथं ऱ्हायले, गावाला कण्या शिजवून घातल्या. हितंच प्रार्थना करायचे." "मग ते गेल्यावर हा क्रूस खोडला नाही?" मी म्हणालो. "कशाला खोडायचा? कुनीतरी दुवा मागितलेली जागा हाय ती." मग सहज त्यांनी विचारलं, "तुमाला लेकरं किती?" मी म्हणालो, "एक मुलगी." त्यांनी चुन्याने भरलेले हात तसेच वर केले आणि तिच्यासाठी लंबी उमर मागितली. मी त्यांना थांबवलं नाही. वहीत इमारतीची लांबी-रुंदी लिहिली आणि पुढच्या गावाची एसटी धरली. बायकोला हे मी कधीच सांगू शकलो नाही. आता तीही नाही.