गेणबाच्या जीपचा आवाज

वरकुट्यातल्या गेणबाला कुणी विचारलं, "जीप कुठल्या मेकॅनिककडं टाकता?" की त्याला तो धडधडीत अपमान वाटायचा. मेकॅनिक! जीप ह्याची, हात ह्याचे, पाने ह्याचे, मग मध्ये मेकॅनिक कशाला? ऊस सांभाळून उरलेला सगळा वेळ हा माणूस बॉनेटखाली. क्लचची वायर, ब्रेक, पंख्याचा पट्टा, सगळं घरच्या घरी, दारातल्या चिंचेखाली. बायको जयवंता म्हणायची, "माझ्याकडं कवा एवढं निरखून बघितलं न्हाय." गेणबा हसायचा आणि पुन्हा बॉनेटखाली शिरायचा.

त्याचा खरा तोरा टॅपेटवर. इंजिनाच्या डोक्यावर झाकण असतं, त्याखाली हे स्क्रू. आतल्या झडपा किती उघडायच्या, किती मिटायच्या, ते त्यांच्यावर. बाकीचे लोक तिथं पातळ पत्तीचं गेज घालून माप बघतात. पण ह्या जुन्या जीपचे भाग घासून खळगे पडलेले, तिथं गेज हमखास चुकायचं. मग गेणबा इंजिन चालू ठेवून लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक लोखंडाला लावायचा, मूठ कानाला, आणि नुसत्या आवाजावर स्क्रू बसवायचा. कान होता बाबा, खोटं कशाला बोला!

होता म्हणजे, होता. वय झालं तसे बारीक आवाज एकेक करून निघून गेले. समोर बसून कुणी बोललं तर कळायचं, पण इंजिनाचं ते नाजूक बोलणं ऐकू येईना. गेणबानं ते कुणालाच सांगितलं नाही, अंदाजपंचे स्क्रू फिरवत राहिला. जीप चौकात शिरली की पत्र्यावर खडे ओतल्यासारखा टकटकाट. लोकांना वाटलं, म्हाताऱ्याचा हात गेला.

मुलगा इंद्रजित बारामतीला नोकरीला. ह्या खेपेला त्यानं समोर बसून स्वच्छ सांगितलं, "आबा, रविवारी गिऱ्हाईक घेऊन येतो. तवर जीप नीट वाजली तर ठेवा. न्हायतर इकायची."

गेणबानं किल्ली खिशात टाकली. कान गेला म्हणून सांगावं, तर हा पोरगा रविवारची वाटसुद्धा बघणार नाही, आत्ताच किल्ली काढून घेईल. आणि जीपशिवाय आपण करायचं काय दिवसभर? नुसतं ओट्यावर बसायचं?

मग त्यानं एक शक्कल काढली. जयवंताला हाक मारली आणि अगदी सहज म्हणाला, "माझं दोन्ही हात गुतल्यात. आवाज बंद झाला की सांग."

तो स्क्रू आवळायचा, ती म्हणायची, "वाजतंय अजून." पुन्हा आवळायचा. शेवटी तिनं हात हलवला, "चिडीचूप!" गेणबाची कळी खुलली. शनिवारी दोघं जीप घेऊन नरसिंहपूरला देवाला जाऊन आली. म्हणजे, जाऊन आली म्हणायचं इतकंच. येताना इंजिन चांगलं तापलं, ओढ कमी कमी होत गेली, आणि कालव्याच्या पुलाच्या चढावर जीपनं मान टाकली.

गेणबानं झाकण काढलं, आतला एक भाग हलवून बघितला आणि कपाळावर हात मारला. हलायला जागाच नव्हती. अहो, टॅपेट थोडं वाजलंच पाहिजे! अगदी गप्प केलं तर तापल्यावर झडपा नीट मिटत नाहीत आणि इंजिनाचा दम जातो. आख्ख्या गावाला हे शिकवलेला माणूस, आणि त्यानंच ही माती खाल्ली.

"चिडीचूप कुणी करायला सांगितलं तुला?" तो डाफरला.

"तुमीच म्हनला, आवाज बंद झाला की सांग."

गेणबा मडगार्डला टेकून बसला. हातातला पाना पुसला. "जयवंता, मला ऐकू येत न्हाय गं," तो म्हणाला.

"ठाव हाय की. कुकरच्या शिट्ट्या झाल्या तरी तुमी पेपर वाचताय."

"मग बोलली का न्हाईस?"

"तुमी लपिवताय म्हनल्यावर मी कशाला बोलू? उठा आता. कसा आवाज पायजे ते नीट सांगा मला."

गेणबाला इतकं हलकं वाटलं की त्याला हसूच आलं. पण आवाज सांगायचा कसा? त्यानं तोंडानं काढून बघितला, ती फिदीफिदी हसली. मग तिच्या ब्लाउज शिवायच्या मशीनची त्याला आठवण झाली. "तुझं मशीन तेल घातल्यावर कसं वाजतंय? कापड न घालता, नुसतं फिरवल्यावर?"

"आसं व्हय! मग आदी सांगायचं न्हाय का?"

इंजिन निवल्यावर चालू झालं. जयवंतानं पदर खोचला आणि स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाला लावली. "ढिलं करा. आणखी. लई झालं, आता सुपारी फोडल्यागत वाजतंय. जरा आवळा. हां, हां, हितंच ऱ्हाऊ द्या!" एकेक करत तिनं सगळे स्क्रू बसवून घेतले. चढ जीपनं असा घेतला की गेणबानं तिच्या पाठीवर थाप मारली, भर रस्त्यात.

रविवारी इंद्रजित गिऱ्हाईक घेऊन आला. गेणबानं इंजिन चालू केलं. इंद्रजितनं आधी उभ्यानं ऐकलं, मग वाकून ऐकलं. गिऱ्हाईक तर लगेच किमतीचं बोलायला लागलं. इंद्रजितनं त्याला हातानं थांबवलं आणि बापाच्या जवळ जाऊन म्हणाला, "आबा, मानलं. कान शाबूत हाय तुमचा!"

इथं गप्प बसला असता तर जीप घरातच होती. पण बायको समोर उभी होती.

"माझा न्हाय," गेणबा म्हणाला. "माझा कान कवाच गेला. ह्यो तुझ्या आईचा कान हाय."

इंद्रजितनं वळून आईला हळू आवाजात काहीतरी विचारलं. जयवंतानं हळू आवाजातच उत्तर दिलं. गेणबाला दोघांचे नुसते ओठ दिसले. किल्ली मुठीत घट्ट धरून तो म्हणाला, "काय म्हनली? आगं, काय म्हनलीस?"

जयवंता त्याच्या कानाशी आली आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल असं ओरडली, "जीप आमच्या दोघांची हाय, इकायची न्हाय म्हनलं!"