प्रतिकारशक्ती वाढलेला माणूस

चाळिशीपर्यंत मला स्वतःच्या तब्येतीचा लई गर्व होता. मढच्या आमच्या घरात पावसाळाभर सगळे शिंकायचे, मी ठणठणीत. पुढे निरगुडसरला शिक्षक म्हणून आलो, तरी आजारपणाची रजा कधी घेतली नाही. घेणाऱ्यांना मात्र चार शब्द सुनावायचो.

मग एका सकाळी शर्टाची बटणं लावता येईनात. बोटं सुजलेली, मूठ वळेना. बायकोनं बटणं लावून दिली आणि म्हणाली, "आता डबा पण भरवू का?" पंधरा दिवस ती मला असं तयार करून शाळेत धाडत होती.

पुण्यात संधिवाताच्या डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट पाहिले. "सर, रक्तातल्या पांढऱ्या पेशींचं काम बाहेरचे जंतू ओळखून मारायचं. तुमच्या पेशी तुमच्याच सांध्यांच्या अस्तराला परकं समजतायत."

"म्हणजे प्रतिकारशक्ती कमी पडली?"

"कमी नाही. नको तिथं कामाला लागलीय. तिला आवरायची गोळी देते, आठवड्यातून एकदाच घ्यायची."

खरं सांगतो, मला बरंच वाटलं. लोक अशक्तपणानं आजारी पडतात. आपण शक्ती जास्त झाली म्हणून!

पुढच्याच महिन्यात जुन्नरहून मेव्हणा आला. आधी तो ठिबकचे पाईप विकायचा. करोनानंतर प्रतिकारशक्ती वाढवायची पावडर विकायला लागला होता. गोळ्या बघून त्यानं कपाळाला हात लावला.

"दाजी, ह्या गोळ्या प्रतिकारशक्ती मारत्यात. आपली पावडर वाढवती."

"पावणं, माझी आधीच वाढलीय."

"वाढली असती तर आजारी पडला असता का तुमी?"

या बिनतोड मुद्द्यापुढे मी, बी.एस्सी. झालेला, त्याच आठवड्यात फळ्यावर पांढऱ्या पेशीची आकृती काढलेला विज्ञानशिक्षक, पावडरीचा डबा घेऊन मोकळा झालो. गोळ्या बंद केल्या. बायको नको नको म्हणत होती. पण ती पडली कॉमर्सची, तिला काय कळणार?

सुरुवातीचे दिवस छान गेले. आधीच्या गोळ्यांचा असर अजून टिकून होता, पण श्रेय पावडरीला मिळालं. मेव्हण्यानं मूठ वळलेला माझा फोटो काढून 'दाजींचा अनुभव' म्हणून सगळ्या ग्रुपवर टाकला. ओझरला दर्शनाला गेलो, तर रांगेत दोन अनोळखी माणसांनी मला ओळखलं. मी मूठ वळून दाखवली.

महिनाभरानं शाळेच्या जिन्यात डावा गुडघा असा काही दुखला, की मी तिथंच खाली बसलो. दोन शिक्षकांनी उचलून घरी आणलं. बायकोनं भावाला फोन लावला.

"अरे, यांचा गुडघा भोपळ्यावाणी झालाय."

"ताई, चांगलं लक्षण हाय. इष बाहेर पडतंय."

"मंग ये, आन् यांना उचलून संडासला ने."

फोन कट झाला. नंतर आठवडाभर त्याच्याकडं रेंज नव्हती.

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "विज्ञान शिकवता ना?" बायको हसली. महिन्याभरात पहिल्यांदाच. गुडघ्यातून सुईनं पाणी काढलं, ते ताकासारखं गढूळ होतं. "यात तुमच्या पांढऱ्या पेशी खच्चून भरल्यात," बाई म्हणाल्या. इतकी वर्षं ज्या प्रतिकारशक्तीवर मिरवलो, तिचं दर्शन मला असं घडलं.

गोळ्या पुन्हा सुरू केल्या. गुडघ्याची सूज उतरायला दिवाळी उजाडली. उजव्या हाताचं मधलं बोट वाकडं झालं ते झालंच. खडू आता दोन बोटांत धरतो.

गोळी रविवारी घेतो. सोमवारी मळमळतं, म्हणून बायको मऊ भात करते. तिला स्वतःसाठी वेगळं काहीतरी कर म्हटलं, तर म्हणते, "एकटीसाठी कोण दुसरी चूल पेटवणार?" आणि तोच फिका भात ताटात घेऊन माझ्याशेजारी बसते.