पाठ टेकल्यावर

माझी उमेदीची वर्षं लालबागच्या तालमीत गेली. तिथला कायदा सोपा होता: पाठ टेकली की कुस्ती संपली. त्यामुळे मुलीचा जिउ-जित्सूचा क्लास बघायला पहिल्यांदा वरळीला गेलो, तेव्हा माझं डोकंच फिरलं. माती नाहीच, रबरी गादी. आणि माझी लेक आपणहून पाठीवर पडलेली, अंगावरच्या पोरीला पायांनी आवळून!

"पप्पा, आमचं इथूनच सुरू होतं," ती म्हणाली.

तिच्या सरांनी मला बसवून समजावलं. हा खेळ जपानातून ब्राझीलला गेला, तिथे किरकोळ अंगाच्या माणसांनी खालून लढायचे डाव वाढवले. आता तर जाड डगला न घालताही खेळतात, पायांचे नवे पेच निघालेत, कालचा डाव आज जुना होतो. आणि सांधा अडकला की गादीवर हाताने दोनदा थोपटायचं, म्हणजे टॅप, हार कबूल. समोरचा लगेच सोडतो. सरावात सगळेच करतात, त्यात कमीपणा नाही.

मला हे शेवटचं काही पचलं नाही. आमच्या वस्तादांनी असलं काही बघितलं असतं तर तालमीबाहेर काढलं असतं.

स्पर्धेच्या सकाळी मी तिच्या कपाळाला तालमीतली माती लावली. जुन्या डबीत जपून ठेवली होती. "टॅप केलंस तर घरी येऊ नकोस हं," म्हणालो. हसत म्हणालो, पण म्हणालो.

दुसऱ्याच लढतीत समोरच्या मुलीने तिचा हात मांड्यांत धरून ताणला. "टॅप कर! टॅप!" सर ओरडत होते. तिने सरांकडे बघितलं नाही, माझ्याकडे बघितलं. मला ओरडायचं होतं, सोड गं बाई, कर टॅप. पण कधी कुणाला असं सांगितलंच नव्हतं. मी खाली वाकलो आणि फरशीवर दोनदा हात आपटला.

बघणाऱ्याचं टॅप धरत नाहीत. पंचांनी लढत थांबवली तोवर तिचं कोपर निखळलं होतं.

हॉस्पिटलात हात झोळीत अडकवून ती बसली होती. कपाळावरची माती घामाने ओघळलेली.

"पप्पा, नाही केलं हं मी टॅप," ती म्हणाली आणि शाबासकीची वाट बघत राहिली.

मी तिच्या डोक्यावरून नुसता हात फिरवला. मी केलं होतं, हे मला अजून तिला सांगता आलेलं नाही.