पुसून टाकलेलं शूटिंग

धुळ्यात आमचा लग्नाच्या शूटिंगचा धंदा आहे. नवरा कॅमेरा घेऊन लग्नांना जातो आणि मी घरच्या पुढच्या खोलीत बसून मिक्सिंग करते. आठ-दहा तासांच्या शूटिंगमधून अडीच तासांचा व्हिडिओ काढायचा, नको ते कापायचं, मूळ आवाज बंद करून वर गाणी टाकायची. या कामात माणसं फार जवळून दिसतात. कधी बाजारात भाजी घेताना समोरून एखादी बाई येते, मी ओळखीचं हसते आणि ती गोंधळते. तिने मला कधी पाहिलेलं नसतं. मी मात्र तिला लेकीच्या पाठवणीत रडताना चार-चार वेळा मागेपुढे करून पाहिलेलं असतं.

तेव्हा आमच्याकडे एकच पोर्टेबल हार्ड डिस्क होती. ती भरली की जुनं लग्न पुसायचं, नवं भरायचं. पावतीवर तसं छापलेलंही होतं, की व्हिडिओ नेल्यावर तीन महिन्यांनी मूळ शूटिंग मिळणार नाही. आणि कुणी कधी मागितलंही नव्हतं.

दिवाळी होऊन गेल्यावर एका सकाळी शिंदखेड्याहून एक बाई आल्या. साठीच्या, एकट्याच. त्यांनी पिशवीतून आमचाच पेनड्राइव्ह काढून टेबलावर ठेवला. आदल्या वर्षीच्या उन्हाळ्यात आम्ही त्यांच्या मुलीच्या लग्नाचं काम केलं होतं. मुलगी आता सुरतेला होती.

"आमचे हे श्रावणात गेले," त्या म्हणाल्या. "शेतातून आले, पाणी मागितलं आणि बसल्या जागी गेले."

मी पाणी आणून दिलं. ते त्या प्यायल्या नाहीत.

"यात ते आहेत बाई, पण नसल्यासारखे. कन्यादानात नुसता फेटा दिसतो. फोटोत लाकडासारखे ताठ. चालताना नाहीत, बोलताना नाहीत. बोलले असतील तिथं तुमचं गाणं वाजतं." मग थोडं थांबून म्हणाल्या, "तुम्ही जे कापता, ते कुठंतरी ठेवत असाल ना? बठ्ठं शे ना तुन्हाजोडे? सगळं आहे ना?"

त्यांचं बोलणं संपायच्या आत तो माणूस माझ्या डोळ्यांसमोर उभा राहिला. त्या लग्नाच्या मिक्सिंगला त्याने मला वैताग आणला होता. वधूचा बाप, पण सारखा कॅमेऱ्याच्या आडवा यायचा. चांगला शॉट चालू असला की हा मध्येच वाकून रिकामी बाटली उचलायचा, कुणाची चप्पल बाजूला सरकवायचा, नाहीतर खुर्ची घेऊन एका कडेने आत येऊन दुसऱ्या कडेने बाहेर जायचा. मी त्याला एकेका ठिकाणाहून निवडून कापलं होतं. दोन दिवस गेले होते त्यात.

आणि ते सगळं मीच पुसलं होतं. त्यावर कितीतरी लग्नं भरून झाली होती.

"बघते अक्का," मी म्हणाले. "असेल."

त्यांचा चेहरा असा उजळला, की मला त्यांच्याकडे पाहवेना.

पुढच्या रविवारी त्यांचा फोन आला. मग त्याच्या पुढच्याही. मी शोधतेय म्हणाले. नवरा म्हणाला, "खरं काय ते सांगून टाक. पावतीवर लिहिलेलं आहे की."

"पावतीसाठी आलेल्या नाहीत त्या," मी म्हणाले.

त्या दिवसांत माझं कामात लक्ष लागेना. समोर कुठलंही लग्न असो, कडेने कुणी वयस्कर माणूस फ्रेममध्ये शिरला, की माझं बोट थांबायचं. एकदा आवाज बंद करायच्या आधी हेडफोनमध्ये कुणीतरी म्हणालं, "ती खुर्ची सावलीत घ्या." मला तो अक्कांच्या नवऱ्याचाच आवाज वाटला. पुन्हा लावलं, पुन्हा ऐकलं. तो मंडपवाला होता. तरी ते वाक्य मी कापलं नाही. त्या जागी गाणं न टाकताच व्हिडिओ देऊन टाकला. गिऱ्हाइकाने विचारलं, इथं गाणं का नाही? मी म्हणाले, राहिलं.

शेवटी डिस्क पदरात गुंडाळून जळगावला गेले. तिथे पुसलेलं परत काढून देणारा एक दुकानदार आहे असं कळलं होतं. वाटभर डिस्क मांडीवर घट्ट धरून बसले होते. दुकानदार माझ्याच वयाचा, शांत माणूस. त्याने डिस्क दोन दिवस ठेवून घेतली.

मी परत गेले तेव्हा तो म्हणाला, "ताई, नुसतं पुसलं असतं तर निघालं असतं. पुसल्याने फक्त नोंद जाते, आतलं तिथंच असतं. पण तुम्ही त्याच्यावर नवं भरलंत. आता खाली काही उरलेलं नाही."

"काहीच नाही?"

त्याने एक तुकडा लावून दाखवला. कुठल्यातरी हळदीचा. वरच्या भागात बायकांचे हात, खाली सगळं राखाडी. आमचंच कुठलंतरी काम, पण कुठलं ते मला आठवेना. ते हात हलत होते आणि आवाज नव्हता. मी म्हणाले, बंद करा.

तिथेच मी नव्या डिस्कचं विचारलं. त्याने दोन प्रकारच्या पुढ्यात ठेवल्या. "ही एसएसडी. लहान, वेगवान, हातातून पडली तरी सहसा काही होत नाही. रोजच्या कामाला घ्या. पण वर्षानुवर्षं कपाटात पडून राहायचं असेल, तर ही साधी हार्ड डिस्क बरी. हिच्यात चकती फिरते, म्हणून धक्क्याला जपायचं. अधूनमधून लावून बघत जायचं."

"आणि हीच बिघडली तर?"

"बिघडणारच कधीतरी. म्हणून एकावर भरवसा ठेवायचा नाही. दोन घ्या, दोन्हींत तेच भरा, आणि एक दुसऱ्या गावात ठेवा. आपल्याकडचा उन्हाळा, पत्र्याच्या खोल्या, एकाच कपाटात दोन्ही ठेवून उपयोग नाही."

मी साध्या दोन घेतल्या, चार-चार टीबीच्या. तशीच पुढे दीपनगरला बहिणीकडे जाऊन तिला सांगून आले, की यातली एक तुझ्याकडे राहील, दर दोन महिन्यांनी मी येऊन बदलून नेईन. ती म्हणाली, "एवढं काय आहे त्यात?" मी म्हणाले, "अजून काहीच नाही."

दुसऱ्या दिवशी मी शिंदखेड्याला गेले. अक्कांनी मला आत बसवलं. मी सगळं सांगितलं. पुसलंय हे पहिल्या दिवशीच माहीत होतं, तेही सांगितलं. त्या रागावल्या नाहीत.

"पण तू तर दखेल शे," त्या म्हणाल्या. "पाहिलं होतंस ना? मंग सांग माले."

मग मी सांगायला बसले. बाटली उचलली ते, चप्पल सरकवली ते. नवरदेवाच्या आजीला पंख्यासमोर बसवलं आणि पंख्याची वायर पायाने बाजूला केली ते. त्या मध्ये मध्ये विचारत होत्या, फेटा डोक्यावरच होता की काढला होता? हसले होते का? जेवताना दिसले का? मी आठवेल तसं सांगत गेले. शेवटी म्हणाले, की पाठवणीच्या वेळी ते मंडपामागे पाण्याच्या टाकीजवळ एकटेच उभे होते. तोंडावर पाणी मारलं, उपरण्याने पुसलं, आणि कॅमेरा दिसल्यावर हात हलवून म्हणाले, इकडं नको, पोरीला घ्या.

अक्का एकदम म्हणाल्या, "हो. तसेच होते ते."

शिंदखेड्याहून परतताना एसटीत मला शंका आली. टाकीजवळचा तो माणूस त्यांचाच नवरा होता का? उपरणं पांढरं होतं की भगव्या काठाचं? त्याच महिन्यात शिरपूरलाही आमचं एक लग्न झालं होतं, तिथेही मंडपामागे पाण्याची टाकी होती. मी डोळे मिटून ते दृश्य मागे-पुढे करून पाहिलं. चेहरा दर वेळी तोच येई, पण आता तो मी लावलेला की खरा, हे कळेना. नवऱ्याला विचारलं, तर तो म्हणाला, "लग्नात प्रत्येक बाप कुठंतरी जाऊन रडतोच. मला कसं आठवणार?"

आता मी काहीही पुसत नाही. डिस्कच्या जोड्या वाढत चालल्या आहेत. शिरपूरचं ते लग्नही तेव्हाच पुसलेलं, त्यामुळे ताडून पाहायलाही काही नाही.

मध्यंतरी अक्कांच्या मुलीचा सुरतेहून फोन आला होता. बाबांची टाकीजवळची गोष्ट आईने तिला सांगितली होती. ती म्हणाली, "पोरीला घ्या, असं म्हणाले ना ते? मी माझ्या तान्ह्या मुलालाही रोज सांगते." मी बाळाची चौकशी केली. तिने पुन्हा विचारलं, तेव्हा हो म्हणाले.