लुगडं हिरवं हाय

शिवणबाई नव्या माणसाशी बोलायच्या आधी त्याच्या कपड्याची उलटी बाजू बघत. नमस्कार-चमत्कार मागाहून. मी जेऊरहून येऊन सोलापुरातल्या एका मुलींच्या शाळेत रुजू झाले, त्या पहिल्याच दिवशी शिक्षकांच्या खोलीत एक उंच, हडकुळ्या, पांढरं पातळ नेसलेल्या, कपाळाला विभूती लावलेल्या बाई सरळ माझ्याकडे आल्या. माझ्या पोलक्याची बाही धरली आणि दुमडून आतली शिलाई बघू लागल्या. मी चक्क किंचाळले.

"कुटं शिवलंस?"

"आईनं शिवलंय. जेऊरला."

"आईनं व्हय? मग माफ. पन आईला सांग, दोरा लई ओढायचा न्हाई. कापडाला बी श्वास लागतोय."

त्या दिवसापासून त्यांनी माझं नाव 'जेऊर' ठेवलं, ते कायमचं. त्यांचं स्वतःचं नाव हजेरीपटावर नीलावती होतं आणि माहेरी नीलव्वा. माहेर अक्कलकोटच्या पलीकडचं; घरात कानडी, शाळेत मराठी आणि रागात दोन्ही. "साकु!" म्हणून त्या ओरडल्या की कानडी न येणाऱ्या मुलीलाही कळायचं, आता पुरे झालं.

शिवणाच्या परीक्षेत त्या सुलटी बाजू बघतच नसत. एका मोठ्या व्यापाऱ्याच्या मुलीनं एकदा सुंदर भरतकाम करून आणलं. बाईंनी ते उलटं केलं, बोट फिरवलं आणि तिच्या हातात सुई देऊन म्हणाल्या, "ह्याच फुलाची एक पाकळी हितं काढून दाखव." मुलगी रडायला लागली. काम घरच्या शिंप्याचं होतं. दुसऱ्या दिवशी आई भांडायला आली, तर बाई शांतपणे म्हणाल्या, "सुलटी बाजू पावण्याला दाखवायची असती, ताई. उलटी आपल्याला बगायची असती. तुमी पावण्या हाय का आई?" आई जशी आली तशी गेली.

नवरा गेला तेव्हा त्या एकोणीस वर्षांच्या होत्या. पदरात मूलबाळ नव्हतं, सासरी थारा नव्हता, हातात शिवण मात्र होतं. आठ-नऊ वर्षं घरोघरचं शिवून काढल्यावर शाळेच्या संस्थापकांनी नोकरी दिली ती एका अटीवर: मुलींच्या शाळेत विधवा बाईनं पांढरंच नेसावं. "मी म्हटलं, नेसते की. पोट कुटं रंग बगतंय?" हे सांगताना त्या हसत, पण ते हसू मला कधी आवडलं नाही. लग्नसराईत अर्ध्या गल्लीतल्या नवऱ्या मुलींची पोलकी त्या शिवायच्या. कुठल्या रंगावर कुठला काठ खुलतो, ते त्यांनाच विचारायचं. स्वतः मात्र निळीत बुडवलेलं पांढरं पातळ.

एका दसऱ्याच्या आधी मी त्यांच्या खोलीवर गेले, तर दारातल्या दोरीवर एक लुगडं सावलीत वाळत घातलेलं. इरकल. गर्द हिरवं, लालभडक काठ आणि पदर. मी बघतच राहिले.

"माझंच हाय. पयल्या पगाराचं," त्या म्हणाल्या. मग त्यांनी ते उतरवलं आणि माझ्या हातात एक टोक देऊन नव्यानं घडी घातली. जुन्या घडीवर नाही, तिच्या मधोमध. "दर वर्साला घडी बदलावी लागती. एकाच घडीवर ठेवलं की कापड तितंच तुटतंय. मानूस बी."

"नेसला का नाहीत कधी?"

"नोकरी हाय न्हवं अजून," म्हणून त्यांनी ट्रंकेचं झाकण लावलं.

बहात्तरचा दुष्काळ सरला त्याच्या पुढच्या वर्षी त्या निवृत्त व्हायच्या होत्या. शाळेच्या हॉलमध्ये छताजवळ ओळीनं फोटो होते. संस्थापक, दोन जुने मुख्याध्यापक आणि एक देणगीदार. चौघेही पुरुष, चौघेही कोटात. तीस वर्षांच्या सेवेनंतर शिवणबाईंचाही फोटो लावायचं संस्थेनं ठरवलं. भिंतीवर बाईमाणसाचा पहिलाच फोटो. आम्हाला कोण आनंद! संस्थापकांचे चिरंजीव आता चिटणीस होते. त्यांनी कारकुनाकरवी निरोप धाडला की फोटोत स्वच्छ पांढरं पातळ असावं आणि दोन्ही खांद्यांवरून शाल.

बाईंनी तो निरोप ऐकला आणि हातातली कात्री खाली ठेवली. "अट नोकरीची हुती. तीस तारखंला नोकरी सपती, म्हंजे अट बी सपली. एक तारखंला फोटो काढीन. हिरवं लुगडं नेसून."

मुख्याध्यापिका मोठ्या बाई मायाळू होत्या. त्यांनी खूप समजावलं. "एवढ्याशा गोष्टीवरून हट्ट कशाला? भिंतीवर बाईचा फोटो पहिल्यांदा लागतोय, तो तरी लागू द्या."

"बाईचा लागायचाय, का पांढऱ्या पातळाचा?" शिवणबाईंनी विचारलं.

मग चिटणिसांनी बोलावणं धाडलं. सोबत म्हणून मी दाराशी उभी होते. "विधवा बाई हिरवं नेसून मुलींच्या शाळेच्या भिंतीवर? पालकांना मी काय सांगू?"

"सांगा, शिवणबाईनं सवताच्या पगारानं घेतलंय."

"आज लुगडं, उद्या कुंकू लावाल!"

"कुंकू दुसऱ्याच्या नावाचं असतंय, साहेब. लुगडं माझ्या नावाचं हाय. कपाळाला माझी इबूत बास हाय."

"मग फोटो लागणार नाही," चिटणीस म्हणाले आणि त्यांनी फाईल उघडली.

तरीही एक तारखेला आम्ही सात रस्त्याजवळच्या स्टुडिओत गेलो. हिरव्या लुगड्यात बाईंना मी पहिल्यांदाच बघत होते, आणि खरं सांगते, मला त्यांच्याकडे बघायचा संकोच वाटत होता. इतक्या त्या सुंदर दिसत होत्या. फोटोग्राफर चाचा दिवे लावत होते. खुंटीवर गिऱ्हाइकांसाठी एक काळा कोट टांगलेला होता. बाईंचा हात आपोआप तिकडे गेला. त्यांनी कोट उलटा केला आणि अशा हसल्या की चाचा दचकले. कोटाला पाठच नव्हती. मधोमध उभा चिरलेला आणि नाडीनं बांधायचा. जाडा-बारीक कुणालाही बसावा म्हणून केलेली सोय.

"जेऊर, खालनं दुसरं बटन बग. पांढऱ्या दोऱ्यानं लावलंय." मग माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "आपल्या हॉलमधलं चारी जन ह्याच कोटात हायत. तीस वर्सं बटन बगत आलेय मी. आज पाठ बगितली."

मलाही हसू आवरेना. पण चाचा सहज बोलून गेले आणि ते हसू विझलं. त्यांना शाळेतली कुरबुर कळली होती. धीर द्यावा म्हणून ते म्हणाले, "बेफिकर बैठो, बाई. फोटू में हरा भी कालाच आता. कोई नै पैचानता."

बाई ताडकन उठल्या. "कुनी वळखनार न्हाई? मग नेसून उपेग काय?" तीस वर्षं ट्रंकेत सांभाळलेला रंग यंत्राला दिसतच नाही, हे त्यांना ठाऊक नव्हतं. मलाही सुचलं नव्हतं. त्या पदराचं टोक चोळत उभ्या राहिल्या. मग पुन्हा बसल्या, मान ताठ केली आणि म्हणाल्या, "काढा. म्होरचं मी बगते."

फोटो आला. लुगडं काळंकुट्ट. फ्रेम करून बाईंनी स्वतःच तो शाळेत आणून दिला. चिटणिसांना वाटलं, बाईंना उपरती झाली, साधं गडद काहीतरी नेसल्या. ते खूश झाले आणि फोटो लावायचा हुकूम सुटला.

निरोपसमारंभाच्या दिवशी हॉल मुलींनी भरला होता. बाई आल्या त्या हिरव्या लुगड्यात. चिटणिसांचं भाषण मात्र आधीच लिहिलेलं होतं. त्यांनी मान वर न करता "बाईंच्या वस्त्रासारखं शुभ्र चारित्र्य" असं वाचून दाखवलं. मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं.

बाई बोलायला उठल्या आणि फोटोखाली जाऊन उभ्या राहिल्या. "पोरींनो, नीट बगा. वर हाय तेच हे लुगडं. फोटोत काळं आलंय, त्याला फोटोवाला तरी काय करंल? पन लुगडं हिरवं हाय. उद्या कुनी इचारलं तर सांगा, हिरवं हाय. माझ्या कमाईचं हाय. ह्या भिंतीवरचं बाकीचं समदं उसन्या कोटात हायत, त्याला पाठ बी न्हाई."

मुलींनी टाळ्यांचा कडकडाट केला. चिटणिसांनी वर वडिलांच्या फोटोकडे पाहिलं, तेव्हा त्यांचा चेहरा लाल झाला होता. मी दुसऱ्या रांगेत बसले होते. मला नोकरीत कायम करायचा कागद त्यांच्या टेबलावर सहीसाठी पडला होता. माझे हात मांडीवरून उठलेच नाहीत. त्याची लाज मला आजही वाटते.

दुसऱ्या दिवशी खिळा होता, फोटो नव्हता. ऑफिसात सांगितलं, काच तडकली. मी धावतपळत बाईंच्या खोलीवर गेले. मला वाटलं, त्या कोसळतील.

"काढला व्हय?" त्या उलट खुलल्याच. "म्हंजे हिरवं दिसलं की त्यास्नी!" मग त्यांनी विचारलं, "काढनाऱ्यानं उलटी बाजू बगितली का?"

"उलटी बाजू? नाही बहुतेक."

"मग काय शिकला न्हाई." मशीनचं चाक फिरवता फिरवता त्यांनी हळूच विचारलं, "तू टाळ्या वाजवल्यास का गं, जेऊर?"

मी मान खाली घातली. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "वाजवशील. घडी बदलाया येळ लागतोय."

पुढे त्या अक्कलकोटकडे भाचीकडे राहायला गेल्या आणि तिकडेच वारल्या. मला कळलं तेव्हा महिना उलटून गेला होता. बारा-तेरा वर्षांनी मी त्याच शाळेची मोठी बाई झाले. शिवणाच्या खोलीतलं कपाट हलवताना मागून एक फ्रेम निघाली. काच चांगली धडधाकट होती. धूळ पुसली, तर आतून बाई माझ्याकडे बघत होत्या. माझ्या हातांनी फ्रेम आपोआप उलटी केली.

मागच्या पुठ्ठ्यावर पांढऱ्या पातळाचं कापड ताणून बसवलेलं होतं. त्याच्या मधोमध तळहाताएवढा इरकलचा तुकडा, गर्द हिरवा, कडेला लाल. लुगड्याच्या आतल्या टोकाचा असणार. चारही बाजूंनी असा शिवलेला की टाका दिसू नये. खाली साखळी टाक्यानं दोनच शब्द भरलेले: हिरवं हाय.

मी तिथंच जमिनीवर बसून रडले. मग हातोडी मागवली.

बाकीचे फोटो छताजवळ आहेत. बाईंचा मी हॉलच्या दाराशी, पाचवीतल्या मुलीचा हात पोचेल इतक्या खाली लावला, एकाच खिळ्याला, लांब दोरीनं. संस्थेचे नवे चिटणीस म्हणाले, "एवढा खाली? मुली हात लावतील, उलटा करतील."

"त्यासाठीच लावलाय," मी म्हणाले.